सोळा कप्प्यांची बंडी

तिला सगळे कोंबडी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई. नाव चेष्टेचं होतं, पण खोटं नव्हतं. हिवाळ्याचे चार महिने ती खरंच उबवत बसे. अंडी नव्हे, बंदुकांची मॅगझिनं.

शहराच्या टोकाला कौलांचा एक कारखाना बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. तिथे भट्ट्या, वाळवणाच्या शेडी आणि अर्ध्यात मोडलेल्या धुराड्याच्या मधल्या जागेत मालकाने एअरसॉफ्टचं मैदान काढलं होतं. एअरसॉफ्ट म्हणजे मोठ्या माणसांची लुटुपुटीची लढाई. बंदुका दिसायला अस्सल, हाताला अस्सल, पण त्यांतून सुटतो तो वाटाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा. सुट्टीच्या दिवशी चांगल्या नोकरीतली माणसं येत, एकमेकांना छर्रे मारत, मेल्यासारखं करत आणि संध्याकाळी गाडीत बसून धडधाकट घरी जात. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं. ते कुणाच्या अंगातून निघतं, एवढंच विचारायचं नसतं.

या बंदुका गॅसवर चालतात. मॅगझिन म्हणजे मुठीत सरकवायची धातूची डबी: एका अंगाला छर्रे, तळाशी पातळ गॅस. घोडा दाबला की थोडा गॅस उकळून सुटतो, छऱ्याला ढकलतो, आणि बंदुकीचा वरचा भाग खाडकन मागे येऊन पुढच्या छऱ्याला तयार होतो. उन्हाळ्यात हे लोण्यासारखं चालतं. थंडी पडली की गॅस रुसतो. दाब उतरतो, छर्रा वीस पावलांवर नांगी टाकतो, वरचा भाग अर्ध्या वाटेत अडकतो. त्यात प्रत्येक छऱ्यागणिक मॅगझिन आपलं आपणच आणखी गार होत जातं. धडाधड दहा छर्रे झाडले की हातात बर्फाचा खडा धरल्यासारखं वाटतं.

रुसलेल्याची समजूत काढायची कला कोंबडीला येत होती. कुणी शिकवली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी ती गॉगल पुसायला आणि शेडी झाडायला म्हणून लागली, आणि कुणी फेकून दिलेलं गळकं मॅगझिन घरी नेऊन तिने पोह्याच्या चमच्याच्या टोकाने... नाही, हे तिने पुढे हसत सांगायचं म्हणून रचलं होतं. खरं म्हणजे मैदानावरच्या, गॅस भरायच्या पंपाच्या खोलीतून आणलेल्या जुन्या पान्यानेच ते उघडलं. आत तिला दिसलं की सगळा खेळ करंगळीच्या नखाएवढ्या रबरी कड्यांचा आहे. थंडीत रबर ताठरतं आणि गळतं. त्याला सिलिकॉनचं तेल लागतं. यंत्राचं साधं तेल घातलं तर रबर फुगून कुजतं. मॅगझिन गच्च भरायचं नाही, गॅसला उकळायला वर जागा ठेवायची. भरताना मॅगझिन गार आणि गॅसचं नळकांडं कोमट असलं तर गॅस मुकाट उतरतो. मग मात्र मॅगझिनला ऊब द्यायची. काम संपलं तरी तळाशी घोटभर गॅस ठेवायचा, म्हणजे कडी दबून बसतात आणि वाळत नाहीत. हे सगळं तिने वहीत लिहिलं नाही. तिच्या बोटांना पाठ होतं.

आणि ऊब? चुलीवर, शेगडीवर, हीटरसमोर मॅगझिन धरायचं नाही, हा तिचा पहिला कायदा. मालकाच्या मेव्हण्याने एकदा घाईत दोन मॅगझिनं स्टोव्हच्या कडेला ठेवली होती. एकाचा वॉल्व्ह उडाला तो छताच्या पत्र्याला पोचा पाडून गेला. तो पोचा अजून आहे, मेव्हणाही आहे, आणि त्याची अक्कलही होती तिथेच आहे.

ऊब अंगाची द्यायची. त्यासाठी तिने जाड कापडाची बंडी शिवली, आतून सोळा कप्पे, पोटाला आणि बरगड्यांना लागून. वरून स्वेटर, वरून जाकीट. वीस मिनिटांत मॅगझिन माणसाच्या अंगाइतकं कोमट होतं. त्यापेक्षा जास्त तापायची भीती नाही, कारण माणूस त्याहून जास्त तापत नाही. सोळा भरलेली मॅगझिनं म्हणजे पाचेक किलोचं ओझं, तेही गारठलेलं. दिवसाला अशा दहा-बारा खेपा. दरवर्षी थंडी सरत आली की तिच्या पोटावर दोन्ही बाजूंना तांबूस-काळे चट्टे उमटलेले असत, कप्प्यांच्याच मापाचे. ती अंघोळीला बसली की हात तेवढ्या भागावरून झपकन फिरवी.

तिने मालकाला एका पेटीचं चित्र काढून दिलं होतं: आतून फोम, मंद दिवा, ठरलेल्या उबेला दिवा आपोआप विझवणारी कळ. कुठलाही वायरमन अर्ध्या दिवसात करून देईल अशी. मालकाने चित्राचं कौतुक केलं, आणि म्हणाला, "पेटी कशाला? तू आहेस ना." दुसऱ्या वर्षी तेच. पाचव्या वर्षी तिने विचारायचं सोडलं.

मालक मनाने वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल सगळे म्हणत. मनाने वाईट नसलेल्या माणसांनीच जगाचं जास्त नुकसान केलेलं आहे. वाईटाला निदान कुणी ओळखून तरी असतं.

मैदानावर तिच्या घरचं आणखी एक माणूस होतं, तिचे सासरे. जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर ते इथे पंच म्हणून लागले आणि त्यांनीच सुनेला आणलं. त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर नोकरीला गेला होता. आधी त्याचे फोन विरळ झाले, मग तोच विरळ झाला. मूलबाळ नव्हतं. नात्यातल्या एका बाईने एकदा सासऱ्यांना सुचवलं, की आता हिला कशाला पोसताय. मास्तर म्हणाले, "कोण कुणाला पोसतंय ते आधी स्वयंपाकघरात जाऊन बघ." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. तेव्हापासून त्या घरात सून आणि सासरा अशी दोनच माणसं, आणि दोघांचं छान जमत होतं. ते तिला सूनबाई म्हणत, ती त्यांना बाबा.

मास्तरांकडे पितळेची शिट्टी होती, शाळेच्या काळातली. पंचाने शिट्टी दिली की सगळ्या बंदुका खाली. शिट्टी वाजवायची म्हणजे तोंड उघडं हवं. खेळणारे तोंडावर जाळीचा मुखवटा घालत. मास्तर डोळ्यांवर गॉगल घालत, पण ओठ उघडेच. त्यांनी मालकाकडे बटणाचा भोंगा मागितला होता. त्याचंही पेटीसारखंच झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. मैदानाचा नियम असा, की छर्रा सेकंदाला शंभर मीटरच्या वर जाता कामा नये. त्यासाठी वेग मोजायचं एक यंत्र होतं, हातभर नळी आणि तिला आकडा दाखवणारी पट्टी. बंदूक मोजून पास झाली की कोंबडी तिच्या मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देई. तो ठिपका नसेल तर मास्तर ती बंदूक मैदानात सोडत नसत, मग बंदूक मालकाच्या मेव्हण्याची का असेना. ठिपका म्हणजे तिचा शब्द होता. आणि तो देण्यापूर्वी ती प्रत्येक बंदूक बंडीतल्या कोमट मॅगझिननेच मोजायची. गार मॅगझिनने मोजली तर आकडा कमी येतो आणि कुठलीही मस्तवाल बंदूक शहाण्यासारखी पास होते. "गार मोजलेली बंदूक खोटं बोलते," ती सांगायची. "तिला आधी घाम फोडा, मग विचारा."

हे काम कारागिराचं होतं, पण हजेरीच्या वहीत तिच्यापुढे शब्द होता 'मदतनीस'. नऊ वर्षं तोच. दोनेक वर्षांपूर्वी तिला कळलं होतं की सरकारी तंत्रशाळेत गॅसयंत्राच्या कारागिरांची परीक्षा असते. वर्गात दोन वर्षं बसायची गरज नाही, मालकाचं पत्र आणलं की थेट बसता येतं. पत्रात एवढंच हवं, की ही बाई अमुक वर्षं हे काम कारागीर म्हणून करते. परीक्षा झाली की फ्रिज, एसी, दवाखान्यातली सिलिंडरं, कुठेही दार उघडं. पोटाला चट्टे पाडून न घेता पोट भरता आलं असतं. तिने मालकाकडे पत्र मागितलं. तो म्हणाला, देतो की. दीड वर्ष तो देतो की म्हणत होता. पत्र दिलं तर कोंबडी उडून जाईल, एवढा हिशेब त्याला कळत होता.

त्या हिवाळ्यात मालकाने मोठा सामना ठरवला. एका बड्या कंपनीचे साठ लोक, दिवसभर. आठवडाभर आधी त्याने लाल टोपणाची नळकांडी मागवली. हा हिवाळी गॅस. साध्यापेक्षा दाबाला तिखट, गारठ्यातही बंदूक चालवणारा. कोंबडीला तो ठाऊक होता. ती म्हणाली, हा वापरायचा तर वापरा, पण मग ऊब द्यायची नाही. आणि ऊब द्यायची तर साधाच गॅस हवा. एका दुखण्याला दोन औषधं एकदम घेतली की रोगी मरतो. मालकाने मान हलवली आणि सगळी मॅगझिनं हिवाळी गॅसने भरून घ्यायला सांगितली.

सामन्याच्या सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. फाटकापाशी साठ माणसं हात चोळत, तोंडातून वाफा काढत उभी. कोंबडीच्या पद्धतीने मोजायचं म्हणजे प्रत्येक बंदुकीला कोमट मॅगझिन हवं. साठ बंदुकांना दोन तास लागले असते. मालक तिला बाजूला घेऊन म्हणाला की यंत्र इथेच फाटकाशी मांड, गार मॅगझिनने मोज, ठिपका दे आणि मोकळी हो. ती नाही म्हणाली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला नाही म्हणायचं तिला चांगलं जमत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आजचा दिवस सांभाळ. संध्याकाळी पत्र तुझ्या हातात. मी टाइप करायलाच देतो आता."

तिने यंत्र फाटकाशी मांडलं.

साठ बंदुका अर्ध्या तासात झाल्या. नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव, सगळे आकडे शंभराच्या आत, गरिबाच्या लेकरांसारखे मुकाट. ठिपका देताना तिने मनाशी ठरवलं होतं: गार मोजल्यात, तर गारच खेळवायच्या. आज बंडी नाही. तिने बंडी पंपाच्या खोलीतल्या खिळ्याला टांगली. म्हणजे चूक करताना तिने चुकीला कुंपणही घातलं होतं. बहुतेक चुका अशाच कुंपणाच्या आत वाढतात.

मास्तरांनी फाटकाशी एक बंदूक उचलून मुठीवरचा ठिपका पाहिला. तो ओला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिची बंडी अंगात नव्हती, हेही पाहिलं. एरवी त्यांनी विचारलं असतं. पण तो तिचा ठिपका होता, आणि त्या ठिपक्याबद्दल त्यांनी नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

दुपारपर्यंत निभावलं. पण ऑफिसातली माणसं सुट्टीला आल्यावर एकेक छर्रा थोडाच झाडतात? घोडा दाबून धरत, मॅगझिन रिकामं करत, परत भरायला पाठवत. उसंत न मिळालेली मॅगझिनं इतकी गारठली की तिखट गॅसही त्यांच्यात गुडघे टेकू लागला. बंदुका अडकायला लागल्या. पंपाच्या खोलीच्या खिडकीशी रांग लागली. एक जण म्हणाला, यापेक्षा हाताने फेकलेले छर्रे लांब जातील. दुसरा म्हणाला, "काय गं कोंबडे, आज अंडी नासली का?" सगळे हसले.

ते तिला झोंबलं. लोकांनी कोंबडी म्हटल्याचं नाही; उबवता येत नाही म्हटल्याचं.

मागून मालक आला आणि एवढंच म्हणाला, की काहीतरी कर. बंडी घाल, असं तो म्हणाला नाही. हे नंतर त्याने विम्याच्या माणसाला दोनदा सांगितलं, आणि ते खरं होतं.

तिने खिळ्यावरची बंडी काढली. सोळा मॅगझिनं भरली, वर स्वेटर ओढला, हात काखेत घालून बसली. मनाला तिने समजावलं की मॅगझिनं अर्धीच भरलेली आहेत, अर्ध्या गॅसला जोर तो किती असणार. हे तद्दन खोटं होतं आणि तिला माहीत होतं. तळाशी पातळ गॅसचा थेंब असेतोवर डबी अर्धी काय नि भरलेली काय, दाब तोच; दाब ठरतो उबेवर. हे नवख्यांना समजावायला ती स्वतः चहाच्या किटलीचं उदाहरण द्यायची: किटली अर्धी असली म्हणून वाफ काही अर्धी गरम नसते. तेच उदाहरण तिने त्या वीस मिनिटांत स्वतःला द्यायचं टाळलं.

मॅगझिनं गेली. बाहेरून लगेच तो खणखणीत खाड्-खाड् आवाज यायला लागला, बंदूक तब्येतीत असल्याचा. कुणीतरी ओरडून म्हणालं, कोंबडीने घातलं बघा. आणि ती, सांगायला लाज वाटते, पण ती खूश झाली.

मास्तर वाळवणाच्या शेडीच्या दारात उभे होते. दोन खेळाडू फारच जवळ आले म्हणून त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. आवाजाने दचकून त्यांतला एक, कंपनीचा कुणी अधिकारी, वळला. वळताना बोट घोड्यावरच होतं. आठ पावलांवरून तीन छर्रे. एक पितळेवर वाजला. दोन दातांवर.

शिट्टी अर्धवट तुटल्यासारखी थांबली, आणि त्या थांबण्यावरूनच कोंबडीला कळलं. ती धावली. मास्तर खाली बसले होते, ओंजळ तोंडाशी, ओंजळीत रक्त आणि वरच्या दोन पुढच्या दातांचे तुकडे. माणसं जमली होती, कुणी पाणी आणत होतं, कुणी गाडी. ती त्यांच्यापर्यंत पोचली, त्यांच्या खांद्याला हात लावला, आणि मग तिने काय केलं? तिने त्या अधिकाऱ्याच्या हातातली बंदूक ओढून घेतली, मुठीतलं मॅगझिन जाकिटाच्या आत दाबून धरलं, फाटकाशी पळत गेली आणि यंत्रातून पाच छर्रे झाडले. एकशे एकवीस. परत एकशे एकवीस. पाचही आकडे तिने मनगटावर पेनने लिहिले. ती परत आली तेव्हा मास्तरांना गाडीत बसवलेलं होतं. आधी बंदुकीकडे गेलीस आणि मग माणसाकडे, हे तिला कुणी बोललं नाही. ते तिचं तीच रोज बोलते.

संध्याकाळी मालकाने तिला ऑफिसात बोलावलं. चहा सांगितला. मग ड्रॉवर उघडून पत्र काढलं.

पत्र मैदानाच्या छापील कागदावर होतं, शिक्क्यासह. 'सदर महिला गेली नऊ वर्षे या मैदानावर मुख्य कारागीर म्हणून कार्यरत असून सर्व बंदुकांची देखभाल, गॅसभरणी, वेगमापन व मंजुरी यांची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आहे.' तिने ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तिचे कान गरम झाले, आनंदाने, एवढ्या सगळ्यातही. मुख्य कारागीर. मुख्य. दुसऱ्यांदा वाचताना तारीख दिसली, चार दिवसांपूर्वीची. तिसऱ्यांदा 'संपूर्ण जबाबदारी' दिसली.

"तारीख मागची का?" तिने विचारलं.

"तू दीड वर्ष मागत होतीस. मलाच उशीर झाला." मालकाने कप तिच्याकडे सरकवला. "सोमवारी विम्याचा माणूस येईल. कारागिराच्या हातून चूक झाली की विमा भरपाई देतो, म्हातारबुवांचे दातही त्यातच बसतील. फक्त पत्राच्या पोचपावतीवर सही कर. सगळ्यांचंच भलं आहे."

"आणि गार मोजायला कुणी सांगितलं?"

"ठिपका कुणाचा?"

ठिपका तिचाच होता. तिने पत्र घेतलं, पोचपावतीवर सही केली नाही, उद्या वाचून करते म्हणाली आणि निघाली. चहा तसाच राहिला.

घरी मास्तर उशीला टेकून बसले होते, ओठ सुजून नाकाला भिडलेले. तिने दूध कोमट करून दिलं, पत्र दाखवलं आणि सगळं सांगितलं. फाटकाशी मांडलेलं यंत्र, पत्राचं आमिष, बंडी, किटलीचं खोटं, सगळं. कुठेही मालकामागे लपली नाही. मास्तर ऐकत होते. मग त्यांनी पत्र उलटं केलं, मागची कोरी बाजू वर करून पेन तिच्यापुढे ठेवलं. बोलायला त्रास होत होता तरी बोलले, "घडलं तसं लिही. तुझं पण लिही."

"मालकाने मुद्दाम नियम मोडला असं निघालं तर विमा हात वर करेल, बाबा. तुमच्या दातांचं काय?"

"मी चाळीस वर्षं पोरांना शिट्टी दिली. खोटी एकदाही नाही."

तिने लिहिलं. सोळा ओळी झाल्या. 'बंदुका मालकांच्या सांगण्यावरून गार मोजल्या. मॅगझिनं मी उबवून दिली. मला परिणाम माहीत होता. नंतर गरम मोजता वेग एकशे एकवीस.' खाली सही.

सोमवारी आलेला विम्याचा माणूस सर्दीने बेजार होता. त्याने पत्राची पुढची बाजू वाचली, मागची वाचली, नाक पुसलं, परत मागची वाचली. दोन्ही बाजूंचे फोटो काढून पत्र तिला परत दिलं. म्हणाला, असं लिहून देणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय. कौतुक होतं की कीव, ते त्याच्या बसलेल्या आवाजातून कळलं नाही.

मग सगळं व्हायचं तसंच झालं. विम्याने भरपाई नाकारली. मास्तरांना दातांपायी दमडी मिळाली नाही. मालकाने कोंबडीला काढलं आणि मास्तरांना वय झालं म्हणून निरोप दिला. मैदान बंद पडेल असं तिला वाटलं होतं, निदान महिनाभर. ते एक रविवारही बंद राहिलं नाही. आणि आठ दिवसांत पंपाच्या खोलीत पेटी आली. आतून फोम, मंद दिवा, दिवा आपोआप विझवणारी कळ. नऊ वर्षं जी पेटी होत नव्हती ती माणूस हाकलल्यावर आठ दिवसांत झाली. आणि तिच्याच चित्राबरहुकूम झाली, हे तिला तिथल्या झाडूवालीने सांगितलं. पंचाला बटणाचा भोंगाही मिळाला. ठिपका आता मेव्हणा देतो. नेलपॉलिशची बाटली तीच.

तंत्रशाळेच्या अर्जाची मुदत महिन्याअखेर होती. कोंबडी खिडकीशी गेली आणि तिने पत्र आत सरकवलं. खिडकीतला कारकून उतारवयाकडे झुकलेला, मायाळू माणूस होता. त्याने पुढची बाजू वाचून मान डोलावली, शिक्का मारायला कागद उचलला तेव्हा मागची बाजू त्याला दिसली. तीही त्याने वाचली. आजूबाजूला बघून त्याने पत्र शिक्का न मारता परत सरकवलं. "बाई, कोपऱ्यावर झेरॉक्स आहे. पुढच्या बाजूची काढून आणा. मूळ प्रत मी पाहिली असं लिहितो. मागे काही असतं हे मला कुठे माहीत?"

झेरॉक्सवाल्याने विचारलं, एक बाजू की दोन्ही?

तिच्या मागे चार जण उभे होते. तिने पत्र उलटं केलं, सुलटं केलं. पोटावरचे चट्टे कापडाखाली चरचरत होते, थंडी उतरायला लागली की ते चरचरतात. आपण काय करतोय ते तिला नीट कळत होतं. वेळ आली की कागदही गार मोजता येतो, म्हणजे सगळं मर्यादेत बसतं.

"एक," ती म्हणाली.

घरी मास्तर जेवायला थांबले होते. कवळी अजून झाली नव्हती; त्यांच्यासाठी ती भात मऊ कुस्करून देई. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, अर्ज घेतला का. घेतला, ती म्हणाली. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "दोन्ही बाजू दिल्यास?"

ती काही तरी दुसरं बोलणार होती. जहाजावरचा मुलगा दुरावला तेव्हापासून या घरात खऱ्याखेरीज दुसरं काही बोलायची पद्धत नव्हती.

"एकच."

मास्तरांनी उरलेला भात संपवला. भिंतीवर त्यांची शिट्टी टांगलेली होती, पितळेला बारीक खळगा पडलेला. घरी आल्यावर त्यांनी ती दोनदा फुंकून पाहिली होती. दातांच्या फटीतून नुसती हवा गेली. ते उठले, ताट घासायच्या जागी ठेवलं, हात धुतले आणि कोनाड्यातून तिचं परीक्षेचं पुस्तक काढून तिच्यापुढे आणून ठेवलं, जरा आपटूनच.

"आता पास हो," ते म्हणाले. त्यातला 'स' फटीतून निसटून गेला. "नाहीतर माझे दात फुकट गेले."